मोठीसाठी एक पान

माझ्या नाकावर राग असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. दुकानात येणारी गिऱ्हाइकंसुद्धा आधी माझा चेहरा बघतात आणि मग घाईचं काम सांगायचं की नाही ते ठरवतात. मी पुस्तकं बांधते. कचेऱ्यांची रजिस्टरं, विद्यार्थ्यांचे प्रबंध, पाठ मोडलेले शब्दकोश. तीस वर्षं सुई, दोरा, खळ आणि पुठ्ठा. दुकानात नियम एकच: अर्धवट काम कोणी बघायचं नाही. शिलाई चालू असताना कोणी डोकावलं की मी वर फडकं टाकते. लहानपणी मी काढत असलेलं चित्र मोठीने पाठीमागून पाहिलं, म्हणून मी ते तिच्यासमोर टराटरा फाडलं होतं. चित्र चांगलं होतं गं, असं ती पुढे कित्येक वर्षं सांगत राहिली.

मोठी म्हणजे माझी थोरली बहीण. घरात सगळे तिला मोठी म्हणत, म्हणून मीही तेच म्हणायची; ताई वगैरे आमच्यात कधी जमलं नाही. लग्न होऊन ती दीड दिवसाच्या प्रवासाइतकी लांब गेली. आई माझ्याकडे राहिली आणि माझ्याकडेच गेली. शेवटचे चाळीस दिवस ती अंथरुणावर होती. त्या दिवसांची मी एक वही ठेवली होती. औषधं कधी दिली, दूध किती प्यायली हे डॉक्टरांना सांगावं लागे म्हणून सुरुवात केली, आणि मग ती काय बोलली तेही लिहू लागले.

मोठी रोज संध्याकाळी फोन करायची. "येऊ का?" विचारायची. मी म्हणायची, "घाई करू नकोस, आई बरी आहे." चाळीस दिवस हेच. एक्केचाळिसाव्या दिवशी पहाटे आई गेली. मोठी पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. दारातच तिने चप्पलही न काढता मला विचारलं, "तू मला आईचं तोंडही बघू दिलं नाहीस?" मी तिला काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर तीन वर्षं आम्ही बोललो नाही.

खरं काय ते मला ठाऊक होतं. आई बरी नव्हती. एकतिसाव्या दिवशी तिने मोठीला हाक मारली. मी समोर बसलेली, हातात पेला धरून, आणि ती दाराकडे बघून तिला बोलावत होती. मी फोनवर तो आवाज धरून ठेवला, बावीस सेकंदांचा. का धरून ठेवला, देव जाणे. बहुधा मोठीला ऐकवायलाच. आणि त्याच संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, घाई करू नकोस. महिनाभर उस्तवार मी करायची, रात्री मी जागायच्या, आणि हाक मात्र हिला. मला मत्सर वाटला. एवढंच होतं ते.

तर हे तिला सांगायचं होतं, आणि सांगता येत नव्हतं. पत्र लिहायला बसले की तिसऱ्याच ओळीत भांडण सुरू व्हायचं. वही पाठवावी म्हटलं तर ती एकच प्रत, आणि आवाज काही वहीत बांधता येत नाही. अशात वाचनालयाच्या फळ्यावर कागद दिसला: वेब पेज बनवायला शिका, नवशिक्यांसाठी, आठ शनिवार, सकाळी दहा ते बारा. मनात आलं, हे आपल्या कामाचं आहे. पान करायचं, त्यात वहीतले चाळीस दिवस उतरवायचे, एकतिसाव्या दिवसापाशी तो आवाज ठेवायचा. स्वतःचा एक शब्दही लिहायचा नाही. तिने वाचावं, ऐकावं, आणि मग मला हव्या तितक्या शिव्या द्याव्यात.

वर्ग वाचनालयाच्या माडीवर होता. दहा मशिन, त्यातली दोन कायमची आजारी. शिकवणारा माझ्या निम्म्या वयाचा, शर्टाच्या बाह्या दुमडलेला, फार सज्जन. मी त्याला मास्तर म्हणायची आणि तो लाजायचा. शेजारी एक औषधवाला बसायचा, त्याला दुकानाचं पान करायचं होतं. पहिल्या दिवसापासून त्याला अक्षरं नाचवायची होती. मास्तर म्हणाले, आधी उभी तर राहू द्या.

मला ते काम आवडलं, हे कबूल करते. साध्या मजकुराच्या खिडकीत लिहायचं. मथळा हवा तर त्याच्या आधी मथळ्याची खूण करायची आणि संपला की तीच खूण तिरक्या रेघेसकट पुन्हा करायची. परिच्छेदाचं तसंच. जे उघडलं ते बंद करायचं. तिसऱ्या शनिवारी मी एक मथळा बंद करायला विसरले आणि खालचे अकरा दिवस सगळेच्या सगळे ढोल्या अक्षरांत दिसायला लागले. आई दूध प्यायली, हे सुद्धा ढोल्या अक्षरांत. औषधवाला खो खो हसला. मी त्याच्याकडे एकदाच बघितलं, पुरे झालं. मास्तर म्हणाले, "मॅडम, ब्राउझर तक्रार करत नाही. चुकलं तरी त्याला जमेल तसं दाखवतो. म्हणून आपणच लक्ष ठेवायचं." मला ते पटलं नाही. तक्रार न करणाऱ्यांचा मला आधीपासून राग आहे.

दुकानात पुस्तकांच्या पाठीवरच्या चिठ्ठ्या छापायला एक जुना कॉम्प्युटर होता. त्याच्यावर मी एक फोल्डर केलं, नाव दिलं 'मोठीसाठी'. त्यात फाइल, तिचं नाव 'चाळीस दिवस'. दोन्ही नावं रोमन अक्षरांत, मास्तरांनी शिकवलं तशी. शेजारी आईचा एक फोटो आणि तो आवाज. दुपारी शटर अर्धं ओढून मी वहीतला एकेक दिवस टाइप करायची. 'दिवस सहावा. दूध अर्धा पेला. पडदा सरकव म्हणाली. बाहेर काय बघतेस, तर म्हणे काही नाही, उजेड.' 'दिवस एकोणिसावा. मला मोठी समजली. वेणी किती ढिली घालतेस म्हणून रागावली. मी हो म्हटलं.' हा दिवस टाइप करताना मी उठून दोन रजिस्टरं शिवली आणि मग परत बसले.

लिहायचं, साठवायचं, ब्राउझरच्या खिडकीत जाऊन पान ताजं करायचं. प्रत्येक वेळी नवा दिवस तिथे हजर. ज्या खिडकीत मी सकाळी वर्तमानपत्र वाचायची, त्याच खिडकीत, वर पट्टीत पत्त्यासकट. एक दिवस पान बघता बघता मला हुंदका फुटला. इतकी वर्षं दुसऱ्यांची पुस्तकं बांधली. हे पहिलं माझं होतं.

सातव्या शनिवारी माझं डोकं फिरलं. पान जवळजवळ पुरं झालं होतं आणि मी ते पेन ड्राइव्हवर घालून वर्गात नेलं होतं, आवाजाचं बटण नीट बसत नव्हतं म्हणून. मी पाणी प्यायला गेले. परत येते तो मास्तर माझ्या खुर्चीशी वाकलेले. त्यांनी खूण दुरुस्त केली होती आणि चालतंय का बघायला बटण दाबलं होतं. माडीभर आईचा आवाज. "मोठे, आलीस का?" सगळे माना वळवून बघत होते, औषधवालासुद्धा.

"विचारल्याशिवाय हात कसा लावलात?" मी ओरडले. माझा आवाज खालच्या मजल्यावर ऐकू गेला असणार.

मास्तरांचा चेहरा उतरला. "चुकलं माझं, मॅडम. मला वाटलं मदत होईल."

"अर्धवट काम कोणी बघितलेलं मला चालत नाही."

मी पेन ड्राइव्ह उपटला आणि जिना उतरले. ते मागोमाग निम्म्या जिन्यापर्यंत आले. "रागावलात तर रागवा, पण पुढच्या शनिवारी या. शेवटचा धडा आहे, तो चुकवू नका. तो सगळ्यांत महत्त्वाचा."

"मला गरज नाही," मी म्हटलं. "माझं झालंय."

आणि झालंच होतं माझ्या मते. दुकानात येऊन मी दुरुस्त झालेली फाइल जागेवर ठेवली, उघडली, वरपासून खालपर्यंत वाचली, बटण दाबलं, आवाज आला. मग पट्टीतला पत्ता उचलला आणि मोठीला मेसेज केला. तीन वर्षांतला पहिला. फक्त पत्ता. वर 'कशी आहेस' नाही, खाली नाव नाही. काय लिहायचं होतं ते पानात होतं.

वीस मिनिटांनी दोन खुणा निळ्या झाल्या. तिने मेसेज पाहिला होता. त्या दिवशी मी एकही पान शिवलं नाही. फोन समोर ठेवून बसून राहिले. उत्तर आलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याने नाही. आधी मी मनाशी म्हटलं, चाळीस दिवस आहेत, वाचायला वेळ लागेल. मग म्हटलं, रडत असेल. महिना उलटला आणि मला कळून चुकलं की तिने एकतिसावा दिवस ऐकला आहे. ऐकला आहे आणि ती गप्प बसली आहे. यापेक्षा वेगळं उत्तर काय असणार होतं? मी तिच्या जागी असते तर मीही माफ केलं नसतं. पण मी मी आहे. दोन महिन्यांनी अपराधी वाटण्याची जागा रागाने घेतली. निदान एक शिवी तरी द्यायची! एवढा जीव काढून मी कबुली दिली आणि ही बाई मूग गिळून बसली! मी तिचा नंबर काढून टाकला नाही, पण कानाला खडा लावला की आता आपण होऊन बोलायचं नाही.

पान मात्र रोज उघडायची. दुकान उघडलं की आधी ते. रोज ते निमूट उघडायचं.

पाच महिन्यांनी एका सकाळी भाचीचा फोन आला. मोठीची एकुलती एक मुलगी, शाळेत शिकवते. तिचा आवाज ऐकला आणि मी सुई खाली ठेवली.

"मावशी, आई गेली."

मी दीड दिवस प्रवास करून पोचले. सगळं आटोपलं होतं. मी दारात उभी राहिले, आणि मला काहीही विचारायचा हक्क नव्हता.

मोठीला वर्षभर रक्ताचा आजार होता. मला कळवायचं नाही, असं तिने लेकीला बजावलं होतं. पाहुणे गेल्यावर भाची मला तिच्या खोलीत घेऊन गेली. पलंग, औषधांचा ट्रे, खिडकीशी खुर्ची. खुर्चीच्या हातावर तिचा फोन ठेवायची जागा पुसून पुसून गुळगुळीत झाली होती. भाचीने उशीच्या अभ्र्यातून एक कागद काढला. चौघडीवर फाटत आलेला, मागून चिकटपट्टी लावलेला. चिकटपट्टी वाकडी होती. मी असते तर पातळ कागदाची पट्टी खळीने लावली असती, हे त्याही वेळी मनात आलं.

कागदावर मोठीच्या टपोऱ्या अक्षरात माझा पत्ता होता. मी पाठवलेला, एकेक रोमन अक्षर, एकेक तिरकी रेघ जशीच्या तशी.

"हे काय?" मी विचारलं.

"तुझ्या पानाचा पत्ता. रोज दुपारी तीन वाजता टाकून बघायची. ते दाबून उघडत नव्हतं ना, म्हणून हाताने टाइप करायची. माझी मदत घ्यायची नाही."

"मग?"

भाचीने माझ्याकडे बघितलं. "मग काय, मावशी. उघडायचं नाही. ही फाइल सापडली नाही, असं यायचं."

"असं कसं? माझ्याकडे रोज उघडतं."

"तुझ्याकडे उघडणारच." ती हळू आवाजात बोलत होती, पोरांना गणित सांगावं तशी. "तो पत्ता तुझ्याच कॉम्प्युटरच्या आतला आहे. तुझ्या डेस्कटॉपवर एक फोल्डर, त्यात एक फाइल. ती तू कुठे बाहेर चढवलीच नाहीस. जगात दुसऱ्या कुणाकडेच ते उघडणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात जाण्याची मला सवय आहे. त्या दिवशी तसं काही झालं नाही. पाय गार पडले आणि मी पलंगावर बसले. तीस वर्षं मी पुस्तक बांधून झालं की कागदात गुंडाळून गिऱ्हाइकाच्या हातात देते. बांधलेलं पुस्तक फळीवर ठेवून ते पोचलं असं मी एकदाही समजले नाही. आणि हे समजले.

"तुला कळलं होतं तर मला का नाही सांगितलंस?"

"मी पहिल्याच दिवशी फोन हातात घेतला होता. आईने काढून घेतला." भाचीचे डोळे भरले. "म्हणाली, पत्ता तिच्या घरातलाच आहे ना? म्हणजे तिचं अजून व्हायचंय, चुकून आधी पाठवलंय. अर्धवट काम कोणी बघितलं की ती फाडून टाकते. तू विचारायला गेलीस तर चिडेल आणि सोडून देईल. झालं की ती स्वतः देईल. मी तेव्हाच तुला फोन करायला हवा होता गं."

मी मान हलवली. तिची चूक नव्हती. इतकी वर्षं लोकांना चुका दाखवत आले, म्हणून ही कुणाची होती ते मला बरोबर कळत होतं.

"पण तिला ते माझ्याकडूनच आहे, कशाबद्दल आहे, हे तरी...?"

भाचीने कागदावर बोट ठेवलं. "हे काय, वाचता येतंय की. फोल्डरचं नाव, 'मोठीसाठी'. फाइलचं नाव, 'चाळीस दिवस'. आई सगळ्यांना दाखवायची. डॉक्टरांनासुद्धा. माझी बहीण माझ्यासाठी आईचे चाळीस दिवस लिहितेय, म्हणायची."

मग तिने मोठीचा फोन उघडून माझ्या हातात दिला. माझा मेसेज वर होता, एकटा. आणि खाली, उत्तर लिहायच्या चौकटीत, न पाठवलेली एक ओळ पाच महिने तशीच थांबलेली: 'घाई करू नकोस. झालं की सांग.'

"त्याच दिवशी लिहिलं होतं," भाची म्हणाली. "पाठवणार तेवढ्यात थांबली. म्हणाली, हे शब्द तिला लागतील. आजीच्या वेळचा टोमणा मारतेय असं वाटेल तिला. दुसरे शब्द शोधते म्हणाली. रोज शोधायची."

मी फोन छातीशी धरून रडले. मोठ्याने, लहान पोरासारखी, भाचीने दार लावून घेतलं इतकी. माझी मोठी मला माफ न करता गप्प बसलेली नव्हती. ती माझ्या रागाला जपत बसलेली होती.

परत आल्यावर तिसऱ्या शनिवारी मी वाचनालयाची माडी चढले. मास्तरांचा नवा वर्ग सुरू झाला होता. मला बघून ते उभे राहिले आणि जरा मागे सरकले.

"मास्तर, माझा शेवटचा धडा राहिलाय," मी म्हटलं. "माझं चुकलं होतं."

मी पेन ड्राइव्ह त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, हात लावा, बघा, सगळं बघा. पण त्यांनी मलाच करायला लावलं. जागा कशी घ्यायची, फाइल, फोटो आणि आवाज तिथे कसे चढवायचे, नवा पत्ता कुठे मिळतो. सगळं मिळून पंचवीस मिनिटं लागली. मग त्यांनी खिशातला स्वतःचा फोन काढला, नवा पत्ता टाकला, आणि त्या परक्या फोनवर आईचा फोटो उघडला. पंचवीस मिनिटांचं काम होतं ते.

नवा पत्ता मी मोठीच्या नंबरवर पाठवला. तिचा फोन भाची रोज चार्ज करते, हे तिने मला सांगितलं होतं. दोन खुणा लगेच निळ्या झाल्या. मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून राहिले. मास्तर पुढे कुणाला तरी सांगत होते की जे उघडलं ते बंद करायचं.

तासाभराने भाचीचा, तिच्या स्वतःच्या नंबरवरून मेसेज आला. 'उघडलं. सगळं वाचलं. आजीचा आवाज ऐकला.' मग जरा वेळाने: 'ती आईला बोलावत होती. आईला तेव्हाच का नाही सांगितलंस?'

मी खूप काही लिहिलं आणि खोडलं. शेवटी लिहिलं, 'मला मत्सर वाटला.'

त्यावर काहीच आलं नाही. वर्ग सुटला, लोक खाली गेले, मास्तर एकेक मशिन बंद करू लागले. मी म्हटलं, आता हिनेही तोडलं, आणि या वेळी तरी मला रागवायचा अधिकार नाही. मी पिशवी उचलली. तेवढ्यात फोन हातात थरथरला. मोठीचं नाव.

'घाई करू नकोस. झालं की सांग.'

भाचीने ते पाठवलं होतं. मला ठाऊक होतं की भाचीनेच पाठवलं होतं. तरी मी जिन्यात खाली बसले, डोळे पुसले आणि एकेक अक्षर नीट बघून उत्तर लिहिलं.

'झालं गं, मोठे.'